मिग-२१ कोल्हापुरात उभं करायचं झालं तर टिकवायचं कसं? आणि जुनी लढाऊ विमानं उडती ठेवावीत का?

करवीरकर
२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. १९६३ साली दाखल झालेलं विमान. अशी निवृत्त विमानं शिक्षणसंस्थांना, पालिकांना, संग्रहालयांना प्रदर्शनासाठी मिळतात. उद्या आपल्या कोल्हापूरला एखादं मिळालं, तर ते चौथऱ्यावर चढवून, नारळ फोडून विसरून जायचं नसेल, तर काय काय करावं लागेल?

दुसरा प्रश्न त्याहून मोठा. दिल्लीजवळ हवाई दलाचं जुन्या विमानांचं पथक टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही जुनी प्रशिक्षण विमानं आणि डकोटा हे मालवाहू विमान उडती ठेवतं. आपल्याकडे उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इतक्या सगळ्या औद्योगिक वसाहती आहेत. लेथ आहेत, फौंड्री आहेत, हातात कसब असलेली माणसं आहेत. या कामात कोल्हापूरला हातभार लावता येईल का?

माझं मत आधीच सांगतो. जगात एकच उरलेलं विमान उडवू नये. पण ज्याचे भाऊबंद शिल्लक आहेत, त्यातलं एक तरी हवेत दिसलं पाहिजे. शाही दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार स्वतःच्या चाकांवर चौकात येते, म्हणून तर पोरांना ती गाडी माहीत आहे.

गगनबावडा
लई भारी विषय. बसतो इथंच.

फिटर_नाना
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. उघड्यावरच्या विमानाचं पहिलं वैर पाण्याशी. पाऊस पडून गेलेलं पाणी नव्हे, आत साचून राहिलेलं. विमानाच्या पोटाला, पंखांना, शेपटीला मुळातच निचऱ्याची भोकं असतात. रंग मारताना ती बुजतात, नाहीतर गांधीलमाशी मातीचं घर बांधून बुजवते. मग पंखात पाणी साठतं, वर पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा. दोन-तीन पावसाळ्यांत आतल्या बरगड्या पांढऱ्या भुकटीसारख्या सुटायला लागतात. बाहेरून रंग चकचकीत असतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

म्हणून मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, वर्षातून दोनदा, प्रत्येक भोकात मऊ तार घालून बघायची. हवा घेण्याचं तोंड, मागचं जेटचं तोंड, चाकांच्या कप्प्यांची दारं, तोफेची नळी या सगळ्यांना बारीक स्टेनलेस जाळी लावायची. पत्रा ठोकून बंद करायचं नाही, हवा खेळली पाहिजे. प्लास्टिकची ताडपत्री तर अजिबात नको. तिच्याखाली रात्री दव धरतं आणि दिवसभर आत वाफ कोंडते.

तांबडा_पंखा
नानांच्या मुद्द्याला जोड. विमान खांबावर नाक वर करून बसवलं की त्याचा सगळ्यात खालचा बिंदूच बदलतो. मूळ भोकं विमान तिन्ही चाकांवर उभं असेल असं धरून पाडलेली असतात. नाक १५ अंश वर गेलं की पाणी प्रत्येक कप्प्याच्या मागच्या भिंतीशी जमतं आणि तिथे भोक नसतं. त्यामुळे खांबावर चढवण्याआधी, विमान त्याच कोनात टेकवून, प्रत्येक कप्प्याचा नवा तळ शोधून ८ ते १० मिमीचं भोक पाडायचं, कडा घासायच्या आणि प्रायमर लावायचा. वर चढवल्यावर हे काम करायला क्रेन लागते, म्हणजे ते कधीच होत नाही.

माझ्या मते खांब नकोच. चाकांवरच उभं करावं. पोरांना जवळून बघता येतं आणि देखभाल करणाऱ्याला शिडीवरून हात पोचतो.

पन्हाळ्याचा_वारा
खांबाला सरसकट नाही म्हणू नका. चौकात खाली उभं केलं तर लोक चढतात, फोटोसाठी पंखावर बसतात, पिटॉटची (वेग मोजायची) दांडी वाकवतात. खांब नीट डिझाइन केला तर वाईट नाही. चूक होते ती जोडणीत. काही ठिकाणी पोटाच्या पत्र्यालाच प्लेट लावून बोल्ट मारतात, किंवा थेट वेल्डिंग करतात. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला लोखंडी वेल्ड धरत नाही आणि त्या उष्णतेने भोवतालचा पत्रा मऊ पडतो. भार घ्यायचा तो पंख जिथे धडाला जोडले जातात त्या मुख्य फ्रेमवर, नाहीतर जॅक लावण्याच्या मूळ जागांवर. त्यासाठी आतून पोलादी पाळणा बनवून तो फ्रेमला धरायचा.

पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकतील तिथे मध्ये जॉइंटिंग कंपाउंड (ओल अडवणारा लेप) आणि नायलॉन किंवा फायबरचा वॉशर हवाच. नाहीतर ओल लागली की दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

अजून एक. मिगचं इंजिन मागच्या भागात आहे. ते काढून घेऊन विमान दिलं, तर गुरुत्वमध्य पुढे सरकतो. वजनाचे आकडे उडत्या विमानाच्या पुस्तकातून उचलून खांबाचं डिझाइन करू नका. हाती आलेलं विमान तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून मोजा आणि मग हिशेब करा.

अनघा_क
रस्त्याने आणायचं कसं? पंखांची लांबी किती?

तांबडा_पंखा
अनघाताई, मिग-२१ च्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, त्यामुळे पंख लावून रस्त्याने येणार नाही. पंख सुटतात. धडसुद्धा मागच्या बाजूला एका जोडावर दोन भागांत वेगळं होतं, इंजिन काढण्यासाठीच ती सोय केलेली आहे. दोन लांब ट्रेलर आणि एक क्रेन एवढ्यात काम होतं. हायवेने आणायला अडचण नाही, अडचण येते शहरातल्या वळणांवर आणि वायरींवर.

सोडताना प्रत्येक बोल्ट, प्रत्येक नळी, प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधायची, फोटो काढायचा आणि बोल्ट ज्या भोकातला त्याच भोकाच्या नावाच्या पिशवीत ठेवायचा. पंखाच्या मुख्य जोडाचे बोल्ट त्या त्या भोकाशी जुळवलेले असतात. अदलाबदल झाली की हातोडी निघते, आणि हातोडी निघाली की भोक अंडाकृती होतं.

सीमा_इचलकरंजी
सुरक्षिततेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. विमान ताब्यात घेताना सगळ्यात आधी लेखी प्रमाणपत्र मागायचं: इजेक्शन सीटची (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीची) सगळी काडतुसं, कॅनॉपी (वैमानिकावरचं पारदर्शक झाकण) उडवण्याची काडतुसं, तोफेचा दारूगोळा, ऑक्सिजनच्या बाटल्या, आग विझवण्याच्या बाटल्या काढल्या आहेत की नाही. सीट नुसती पिन लावून निर्धोक होत नाही. काडतूस जुनं झालं म्हणून मरत नाही, उलट त्याचा भरवसा कमी होतो.

दुसरं, जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांत अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या काट्यांना रेडियमचा रंग असायचा. चमक गेली म्हणजे किरणोत्सर्ग गेला असं नाही. चमकतो तो भाग झिजतो, रेडियमचं अर्धायुष्य मात्र १६०० वर्षं आहे. अशा घड्याळाची काच उघडायची नाही, घासायची नाही, घरी न्यायची नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणेच विल्हेवाट लावायची.

तिसरं, जुना हिरवट-पिवळा प्रायमर झिंक क्रोमेट असतो. कोरडा घासला तर धूळ फुप्फुसात जाते आणि ती कर्करोगकारक आहे. ओला घासायचा, तोंडाला साधा रुमाल नव्हे, पुरेसा मास्क लावायचा.

फिटर_नाना
सीमाताईंनी लिहिलेलं फ्रेम करून लावावं असं आहे. +१

वाचनमात्र
वाचनखूण साठवली.

शिरोलीचा_पॅटर्नवाला
आता करवीरकरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. कोल्हापूरची फौंड्री मुख्यतः ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडांची. विमानाच्या इंजिनात लागतं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम. ॲल्युमिनियम इथे होतं, पण विमानाच्या दर्जाचं म्हटलं की वितळलेल्या धातूतला हायड्रोजन काढणं, प्रत्येक भट्टीची रासायनिक चाचणी, प्रत्येक कास्टिंगचा एक्स-रे, उष्णता प्रक्रियेची नोंद हे सगळं आलं. मॅग्नेशियम तर वेगळंच प्रकरण. वितळलेलं असताना त्यावर हवा लागू द्यायची नाही, आणि पेट घेतला तर पाणी अजिबात मारायचं नाही.

बरेच जण म्हणतात, जुना पार्ट आहे ना, त्याचाच पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) करा. अरे भावा, धातू थंड होताना आकसतो. ॲल्युमिनियम साधारण १.३ टक्के, ग्रे आयर्न १ टक्का. जुन्या पार्टवरून साचा केला तर ३०० मिमीच्या लांबीत जवळपास ४ मिमी कमी भरतात, वर मशीनिंगला माल उरत नाही तो वेगळाच. स्कॅन करून, झीज भरून काढून, आकसण्याची वाढ देऊन नवा पॅटर्न करावा लागतो. हे काम शिरोलीत उत्तम होतं. प्रश्न धातूचा आणि कागदाचा आहे.

करवीरकर
कागदाचा म्हणजे?

शिरोलीचा_पॅटर्नवाला
उडत्या विमानात बसणाऱ्या प्रत्येक पार्टला जन्मदाखला लागतो. धातू कुठल्या लॉटचा, कुणी बनवला, कुणी तपासला, कुठल्या ड्रॉइंगप्रमाणे. पार्ट कितीही सुरेख असला आणि कागद नसला, तरी तो उडत्या विमानात बसत नाही. बसूही नये. उभ्या विमानासाठी मात्र असं बंधन नाही. तिथे दारांची बिजागरं, चाकांची कव्हरं, सीटचा सांगाडा, कॅनॉपीची फ्रेम, तुटलेल्या फेअरिंग्ज (सांधे झाकणारी कव्हरं) सगळं इथे बनवता येईल. फक्त नव्या पार्टवर आतल्या बाजूने 'प्रदर्शनासाठी, उडण्यास अयोग्य' असा ठसा मारायचा. तीस-चाळीस वर्षांनी तो पार्ट कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही.

आणि उडत्या विमानांनाही कोल्हापूरचा माल लागेल तो जमिनीवर: जॅक, टो-बार, इंजिन उचलायचा पाळणा, पंख ठेवायच्या घोड्या, काम करायच्या शिड्या. हे सगळं उद्यमनगरात उत्तम बनतं.

उद्यमनगरी
पत्र्याच्या कामाबद्दल थोडं. लोक गॅरेजमधल्या बॉडीवाल्याकडे नेतात आणि पॉप रिव्हेट मारून आणतात. दिसायला बरं दिसतं, पण पॉप रिव्हेटची लोखंडी खीळ आत राहते आणि गंजते. प्रदर्शनासाठीसुद्धा भरीव रिव्हेटच वापरावेत. हिशेब सोपा आहे. रिव्हेटची लांबी म्हणजे पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. ठोकल्यावर मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्धं उंच व्हायला पाहिजे. १/८ इंची रिव्हेटला भोक ३.२६ मिमी, ठोकलेलं डोकं ४.८ मिमी रुंद, १.६ मिमी उंच. पत्र्याच्या कडेपासून किमान दोन व्यास आत. कडेला जवळ मारला की पत्रा तिथूनच फाटतो.

२०२४ मिश्रधातूचे रिव्हेट वापरणार असाल तर ते आधी साधारण ४९५ अंशांना तापवून लगेच पाण्यात विझवायचे आणि डीप फ्रीजमध्ये ठेवायचे. बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच ठोकायचे, कारण खोलीच्या तापमानाला ते आपोआप कडक होत जातात. कडक झालेला ठोकला की डोक्याला चीर पडते.

गगनबावडा
फ्रीजमध्ये दुधाशेजारी रिव्हेट! घरच्यांना आधी सांगून ठेवा रे, नाहीतर आमटीत पडायचे.

अनघा_क
एक बाळबोध प्रश्न. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखाने इतके, इथेनॉल इतकं. जुन्या विमानांच्या इंजिनात ते चालेल का? महागडं विमानाचं पेट्रोल तरी वाचेल.

तांबडा_पंखा
बाळबोध अजिबात नाही, नेमका प्रश्न आहे. टायगर मॉथच्या जिप्सी मेजर इंजिनाचं कॉम्प्रेशन ५.२५:१, म्हणजे ते कमी ऑक्टेनवरही धडधडतं. म्हणून काही देशांत इथेनॉल नसलेलं मोटारीचं पेट्रोल वापरायला परवानगीही मिळते. इथेनॉल मिसळलेलं मात्र नाही. कारणं अशी: जुने रबरी पाइप, कॉर्कचे फ्लोट, टाकीला आतून लावलेला सीलंट इथेनॉलने फुगतो किंवा सुटतो आणि त्याचे तुकडे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (इंधनाच्या बारीक भोकात) अडकतात. इथेनॉल पाणी शोषतं, वर गेल्यावर इंधन थंड होतं आणि पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. इंजिनाला इंधन टाकीच्या तळातूनच जातं, म्हणजे पहिला घोट त्याचाच. शिवाय इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे जेट न बदलता मिश्रण पातळ होतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. आता पंपावर सगळीकडे २० टक्के मिश्रण आहे, म्हणजे तो रस्ता बंद.

एव्हगॅस १०० एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, आधी आयात व्हायचं. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल ते गुजरातच्या रिफायनरीत बनवतं, ही मोठी सोय झाली. फक्त त्यात शिसं असतं. मूळ कमी शिशाच्या इंधनासाठी बनवलेल्या इंजिनात प्लगवर शिशाच्या गोळ्या धरतात. म्हणून इंजिन उगाच मंद आवर्तनावर रेंगाळत ठेवायचं नाही, बंद करण्याआधी थोडा वेळ वाढीव आवर्तनावर चालवायचं आणि प्लग नियमाने साफ करायचे.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर: टायगर मॉथ ताशी सुमारे ३० लिटर, हार्वर्ड ११० च्या पुढे, डकोटाची दोन इंजिनं मिळून ३५० च्या आसपास.

पन्हाळ्याचा_वारा
उडवण्याबद्दल बोलायचं तर आधी कोल्हापूरची हवा बघा. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ साली राजाराम महाराजांनी बांधला, म्हणजे टायगर मॉथ ज्या काळातलं त्याच काळातला. उंची सुमारे २००० फूट. या उंचीवर मानक तापमान ११ अंश. एप्रिलच्या दुपारी ३८ झालं तर फरक २७ अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले तर विमानाला वाटतं आपण ५२०० फुटांवर आहोत. १३० अश्वशक्तीच्या इंजिनाची १५ टक्क्यांच्या आसपास शक्ती जाते. दोन माणसं आणि भरलेली टाकी असेल तर चढण अगदी हळू. सकाळी लवकर, एकटा वैमानिक, अर्धी टाकी हे उत्तर.

आणि मूळ टायगर मॉथला ब्रेक नाहीत, शेपटीला चाक नाही, नुसती घसरपट्टी. ती गवतावर रोवते, तोच ब्रेक. डांबरी धावपट्टीवर ती झिजते आणि दिशाही धरत नाही. गवताची पट्टी नसेल तर मूळ रूपातलं टायगर मॉथ आणू नये.

सीमा_इचलकरंजी
लाकूड-कापडाच्या विमानांचा आपल्या पावसाळ्यात काय हिशेब? दुसऱ्या महायुद्धातल्या लाकडी मॉस्किटो विमानांना पूर्वेकडच्या दमट हवेत त्रास झाला होता ना?

तांबडा_पंखा
हो, १९४४ मध्ये पंख निखळण्याच्या घटनांनंतर इकडच्या मॉस्किटोंची उड्डाणं थांबवावी लागली होती. तपासात सदोष चिकटवलेले सांधेही सापडले. म्हणजे नुसत्या हवामानाला दोष देऊन चालत नाही. लाकडातली ओल ८ ते १२ टक्क्यांत ठेवावी लागते. जुलैत इथे हवेतली आर्द्रता ९० च्या घरात जाते, लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि जुना केसिन गोंद असेल तर त्यावर बुरशी धरते. आता रिसॉर्सिनॉल किंवा इपॉक्सी वापरतात. हँगरमध्ये आर्द्रता कमी करणारं यंत्र आणि भिंतीवर आर्द्रतामापक, हे दोन्ही विमानाच्या आधी घ्यायचे. न्यूझीलंडमध्ये मॉस्किटो केए११४ २०१२ साली पुन्हा उडालं, पण त्याची लाकडी बांधणी साच्यांपासून नव्याने करावी लागली.

कापडाचं असं. पूर्वी लिनन किंवा सुती, आता बहुतेक पॉलिएस्टर. ते चिकटवून इस्त्रीने ताणतात, आधी १२० अंश, मग १७५. त्यापुढे नेलं तर ताण उलट जातो. हलगीसारखं ताणलं पाहिजे, पण हलक्या बरगड्यांवर जास्त ताण दिला तर त्या वाकतात. वर डोप (कापड घट्ट करणारा लेप), आणि डोपमध्ये ॲल्युमिनियमची भुकटी घातलेला रुपेरी थर. तो शोभेला नसतो, ऊन अडवायला असतो. तो थर पातळ राहिला की कापड वरून छान दिसतं आणि बोटाने दाबलं की फाटतं. सुती ग्रेड ए कापड नवं असताना इंचाला ८० पौंड ताण घेतं, ५६ च्या खाली गेलं की उतरवायचं. डोळ्याने ठरवायचं नाही, टेस्टरने मोजायचं.

करवीरकर
आणि गोल इंजिनं? हार्वर्ड, डकोटा?

फिटर_नाना
रेडियल इंजिन, म्हणजे सिलिंडर गोलाकार मांडलेलं इंजिन, बंद करून उभं राहिलं की वरच्या भागातलं तेल रिंगांमधून झिरपून खालच्या सिलिंडरांत जमतं. तेल दाबलं जात नाही. तसंच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तो त्या दिवशी तुटत नाही, पुढे कधीतरी हवेत तुटतो. म्हणून सुरू करण्याआधी मॅग्नेटोचे (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचे) स्विच बंद आहेत याची दोनदा खात्री करून पंखा हाताने फिरवायचा. हार्वर्डला नऊ सिलिंडर, पंखा थेट क्रँकवर, दोन पाती. सगळे सिलिंडर एकदा दाबून जायला क्रँकच्या दोन फेऱ्या, म्हणजे चार पाती. प्रत्यक्षात जास्तच फिरवतात. डकोटाच्या आर-१८३० ला १६:९ चा गिअर असल्याने पात्यांचा हिशेब वेगळा पडतो.

पंखा अडला तर जोर लावायचा नाही. उलटा तर मुळीच फिरवायचा नाही, कारण तेल इनटेक पाइपमध्ये जातं आणि सुरू झाल्यावर तिथूनच परत सिलिंडरमध्ये ओढलं जातं. खालच्या सिलिंडरचे प्लग काढायचे, तेल गळू द्यायचं, मग पुढे.

अजून एक गैरसमज आहे. 'उडत नाही तर निदान आठवड्याला पाच मिनिटं सुरू करून ठेवा.' हे घातक. जळणातून पाणी तयार होतं, तेल पुरेसं तापत नाही, पाणी उडून जात नाही आणि आतल्या गिअरवर, कॅमवर गंज चढतो. एकतर तेलाचं तापमान वर जाईल इतकं चालवा, नाहीतर इंजिन नीट मुरवून ठेवा: संरक्षक तेल, सगळी तोंडं बंद, प्लगच्या जागी सिलिका जेलचे प्लग. निळं जेल गुलाबी झालं की बदलायचं.

पन्हाळ्याचा_वारा
सिलिका जेलवरून आठवलं. २०१२ च्या मेमध्ये इंग्लंडमध्ये व्हल्कन एक्सएच५५८ या जुन्या बॉम्बफेकी विमानाची दोन इंजिनं उड्डाणाच्या सुरुवातीलाच गेली, कारण हवेच्या तोंडात जेलच्या पिशव्या राहून गेल्या होत्या. आत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला लाल फीत, ती फीत बाहेर लोंबली पाहिजे, आणि दारात लटकवलेल्या पाटीवर आकडा: इतक्या आत, इतक्या बाहेर.

उद्यमनगरी
इथे सगळे उडवण्याच्या बाजूने दिसतात. माझा विरोध नोंदवतो. २ ऑक्टोबर २०१९ ला अमेरिकेत 'नाइन-ओ-नाइन' हे बी-१७ बॉम्बफेकी विमान कोसळलं, सात जण गेले. तपासात चौथ्या इंजिनाच्या मॅग्नेटोंमध्ये बिघाड, तिसऱ्या इंजिनाच्या प्लगचं अंतर मर्यादेबाहेर, डिटोनेशनच्या (सिलिंडरमध्ये इंधनाच्या अनियंत्रित स्फोटाच्या) खुणा. म्हणजे एखाद्या दुर्मीळ पार्टमुळे नव्हे, नेहमीच्या देखभालीत ढिलाई. २०१५ ला इंग्लंडमध्ये शोरहॅमला हंटर हे जुनं लढाऊ जेट रस्त्यावर कोसळलं, जमिनीवरचे अकरा जण गेले. २०२२ ला डॅलसला बी-१७ आणि पी-६३ ची हवेत टक्कर, सहा जण. विमानही गेलं, माणसंही. ज्या संस्थेकडे रोजची देखभाल करायला माणसं आणि पैसा नाही, तिने उडवायचं नाव काढू नये.

करवीरकर
दादा, तुमचा मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. तुम्हीच लिहिलंत की ढिलाई कारण होती. शोरहॅमला तर वेग आणि उंची दोन्ही कमी असताना लूप मारला गेला. त्यातून नियम घट्ट झाले, ते योग्यच. पण उडवलं म्हणूनच काही दोष उजेडात येतात. बी-१७ च्या पंखांच्या जोडातल्या भेगांबद्दल २०२३ ला अमेरिकेत तातडीचा तपासणी आदेश निघाला, तो उडत्या विमानांच्या तपासणीमुळे. उभ्या विमानाचा पंख कोण उघडून बघतं?

उद्यमनगरी
उभ्या विमानाचा पंख तुटून कुणाच्या डोक्यात पडत नाही, म्हणून बघत नाहीत. आणि स्विस जंकर्स-५२ चं उदाहरण घ्या. २०१८ च्या अपघाताचं कारण अरुंद दरीतलं धोक्याचं उड्डाण होतं, पण तपासात सांगाड्यात गंज आणि भेगा निघाल्या. ते विमान प्रवासी घेऊन उडत होतं! उडतं आहे म्हणजे तपासलं जातं, असं गृहीत धरू नका.

सीमा_इचलकरंजी
मधला रस्ता आहे. इंग्लंडमध्ये ईस्ट कर्कबीला 'जस्ट जेन' हे लँकेस्टर बॉम्बफेकी विमान वर्षानुवर्षं नुसतं जमिनीवर धावतं. चार मर्लिन इंजिनं सुरू होतात, लोकांना आवाज ऐकायला मिळतो, तेलाचा वास येतो, आणि दरम्यान ते उडण्याजोगं करण्याचं काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. इंजिन, ब्रेक, हायड्रॉलिक्स जिवंत राहतात. आपल्यासारख्या गावाला हे परवडण्यातलं.

तांबडा_पंखा
सीमाताईंना +१. आणि भारताने या छंदाला काय दिलंय ते नोंदवायलाच हवं. दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला मोडतोड करून टाकून दिलेली लिबरेटर (बी-२४) बॉम्बफेकी विमानं एचएएलच्या माणसांनी एकेक करून उडण्याजोगी केली, बंगळूरला नेली, आणि हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. यातलं एक लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये आहे. अमेरिकेत कॉलिंग्ज फाउंडेशनने पुढे उडवलेलं बी-२४ सुद्धा भारतातूनच गेलेलं. स्पिटफायर एसएम८४५ आणि एमव्ही२९३ ही उडती विमानंही आपल्या हवाई दलाकडूनच गेलेली. टाकून दिलेलं विमान पुन्हा उभं करण्याची परंपरा आपल्याकडे आहे, ती बाहेरून शिकायची नाही.

हवाई दलाच्या उडत्या डकोटावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डकोटाचा तो क्रमांक. ते विमान इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन २०१८ ला इकडे उडत आलं. पुढचं असं काम भारतात व्हावं एवढीच इच्छा.

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितोय. मूळ प्रश्नावर कुणी परत येईल का? मिग मिळालं तर कोल्हापुरात कुठे उभं करायचं?

फिटर_नाना
बरं केलंस भावा. जागेचे निकष सांगतो. पंचगंगेच्या २०१९ च्या महापुराची रेषा जिथे आली तिथे नको, घाटाजवळ तर नकोच. मोठ्या झाडाखाली नको, चीक आणि पक्षी दोन्ही त्रास देतात. साखर कारखान्याच्या धुराड्याच्या वाऱ्याच्या दिशेला नको. गळीत हंगामात बगॅसची राख पत्र्याच्या फटींत बसते, दवाने ओली होते आणि ओल धरून ठेवते. उरली एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजची किंवा आयटीआयची मोकळी जागा, वर पत्र्याची उंच शेड, बाजू उघड्या. शेड सगळ्यात स्वस्त औषध आहे. रंगापेक्षाही.

उद्यमनगरी
आयटीआयला माझा जोरदार पाठिंबा. फिटर, वेल्डर, शीटमेटलची पोरं आहेत, दर तुकडीला एक कप्पा वाटून द्यायचा. पोरांना खरा जॉब मिळतो आणि विमानाला हात लागत राहतो.

शिरोलीचा_पॅटर्नवाला
पॅटर्न आणि घोड्या माझ्याकडे लागल्या.

करवीरकर
मग कामाची सुरुवात कशी करायची, तेवढं नानांनी क्रमाने लिहावं. बाकीच्यांनी भर घालावी.

फिटर_नाना
पहिल्या दिवशी रंगाला हात लावायचा नाही. आधी सीमाताईंची प्रमाणपत्रं. मग टायरांवरचा भार काढायचा, ॲक्सलखाली स्टँड. टायर नुसत्या हवेवर ठेवले की एका जागी चपटे होऊन चिरतात. मग सगळी पॅनेलं उघडून आतला कचरा हाताने आणि व्हॅक्यूमने काढायचा, प्रेशर वॉशर नाही, तो पाणी सांध्यांत ढकलतो. साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचं, निचरा बघायचा, कुठून पाणी येतं आणि कुठून येत नाही ते खडूने खुणावायचं. जिथून येत नाही तिथे भोक बुजलंय.

वाळल्यावर गंज शोधायचा. रंगाला फोड आला असेल, रिव्हेटभोवती काळी कड असेल, पत्र्याचे थर पुस्तकासारखे सुटत असतील, तिथे फोटो आणि नोंद. स्टीलवुल वापरायची नाही, तिचे कण ॲल्युमिनियममध्ये अडकून नवा गंज सुरू करतात. नायलॉनचा ब्रश किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कागद. मग एच प्रायमर (पत्रा किंचित खाऊन पकड देणारा), इपॉक्सी प्रायमर, शेवटी पॉलियुरेथेन. पावसाळ्यात रंगकाम नाही. कॅनॉपीला पेट्रोल, थिनर, काच पुसायचा स्प्रे काही लावायचं नाही, बारीक तडे जातात. साबण, पाणी, मऊ सुती कापड.

सीमा_इचलकरंजी
त्यात एक भर. रंगाआधी प्रत्येक थर खरवडून खालचे जुने क्रमांक आणि स्क्वॉड्रनची चिन्हं बघायची, मोजमाप घेऊन फोटो काढायचे. एकदा सँडिंग झालं की तो इतिहास गेला.

तांबडा_पंखा
आणि शेडच्या खांबाला एक जाड वही बांधा. तारीख, कुणी, कुठलं पॅनेल उघडलं, काय सापडलं, काय लावलं. पेन दोरीने बांधून.

गगनबावडा
वही माझ्याकडून. पेन दोन देतो, एक कुणीतरी नेणारच.